दुपारी एकचं जेवण: गोल्डफिशच्या घड्याळामागे लागलेली माझी पीएचडी

ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्या सगळ्यांना ठाम वाटतं की माशांना जेवायची वेळ कळते. डबा उघडायच्या आतच सगळे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागतात. पण ते वेळ ओळखून आले की तुमची चाहूल लागून, हे बघून सांगता येत नाही. माझ्या पीएचडीची सुरुवात हा एक फरक वेगळा काढण्यातच गेली.

त्यासाठी आधी स्वतःला खोलीतून हद्दपार करावं लागलं. टाक्यांना चारी बाजूंनी काळा कागद लावला. दिवे टायमरवर, सकाळी सातला चालू, संध्याकाळी सातला बंद. खाणं ऑटोमॅटिक फीडरमधून दुपारी एकला. एक का? उजेड होण्याची वेळ आणि खाण्याची वेळ जवळ आली, तर मासा नेमका कशाची वाट बघतोय ते कळत नाही. दुसऱ्या गटाला तेवढंच खाणं, पण रोज वेगळ्या वेळी. टाक्या साफ करायच्या वेळाही मुद्दाम बदलत ठेवल्या, नाहीतर बादलीचा आवाज हेच माशांचं घड्याळ झालं असतं. हालचाल मोजायला इन्फ्रारेड सेन्सर. मासा किरणासमोरून गेला की कॉम्प्युटरवर नोंद.

काही आठवड्यांत आलेख बोलायला लागला. ठरल्या वेळी खाणाऱ्या गटाची धावपळ साडेअकरा-बारापासूनच चढायची आणि एकला शिगेला पोचायची. दुसऱ्या गटात असा चढ नाही. मग खरी परीक्षा: फीडर बंद. उपाशी ठेवलेल्या माशांमध्येही पुढचे काही दिवस बाराच्या सुमाराला तोच चढ येत राहिला. खाणं नाही, आवाज नाही, माणूस नाही. म्हणजे वेळ आतूनच मोजली जात होती.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या वर, शरीराचं मुख्य घड्याळ असतं. माशांमध्ये असा एकच मुख्य साहेब अजून सापडलेला नाही. 2000 साली झेब्राफिशवर दाखवलं गेलं की हृदय किंवा मूत्रपिंड शरीराबाहेर काढून वाढवलं, तरी त्यातल्या पेशी थेट उजेडावर आपलं घड्याळ लावून घेतात. त्याहून मजेशीर सोमालियातल्या भुयारी पाण्यात राहणारा आंधळा मासा. 2011 सालच्या अभ्यासात दिसलं की त्याचं घड्याळ उजेडाला दाद देत नाही, पण खाण्याच्या वेळेवर मात्र बरोबर जुळतं. पिढ्यानपिढ्या अंधारात राहणाऱ्याने सूर्य सोडला, जेवण सोडलं नाही! हा पेपर मला गाइड मॅडमनी दिला आणि मग मी वेळेचा निरोप शरीरभर पोचवू शकणाऱ्या हार्मोन्सच्या मागे लागले.

माझ्या यादीत तीन होते. मेलाटोनिन रात्री मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून येतं. माशांत ही ग्रंथी स्वतःच उजेड ओळखते, कवटीतून झिरपणारा प्रकाश तिला पुरतो. गोल्डफिशला मेलाटोनिन टोचलं की त्याची भूक आणि हालचाल दोन्ही मंदावतात. घ्रेलिन उलट, भूक चाळवणारं. आणि कॉर्टिसॉल, ज्याला आपण सरसकट तणावाचं हार्मोन म्हणून मोकळे होतो. पण ते यकृतातलं घड्याळ चालवणाऱ्या जनुकांनाही हलवतं, म्हणून ते फक्त तणाव दाखवतं असं मानणं मला पटत नाही.

घ्रेलिन रक्तात मोजण्यावर मात्र पाणी सोडावं लागलं. कॉर्टिसॉल आणि मेलाटोनिनचे रेणू माणसात आणि माशात अगदी सारखे, त्यामुळे माणसांसाठी बनवलेलं मोजणीचं किट माशांच्या रक्तावरही चालतं. घ्रेलिन हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, आणि त्यांचा क्रम प्राण्यागणिक बदलतो. किटमधली हार्मोन पकडणारी अँटिबॉडी सस्तन प्राण्यांसाठीची, ती गोल्डफिशचं घ्रेलिन ओळखेलच याची खात्री नाही. शेवटी आतड्यातल्या त्याच्या जनुकाचा आरएनए, म्हणजे ते जनुक किती काम करतंय याची खूण, मोजण्यावर भागवलं.

रक्त घेणं ही सगळ्यात जिकिरीची गोष्ट. चोवीस तासांचं चक्र हवं तर दर चार तासांनी नमुने, म्हणजे रात्री अकरा आणि पहाटे तीनही आलेच. प्रत्येक वेळेसाठी वेगळी टाकी, कारण जाळी एकदा पाण्यात गेली की उरलेल्या माशांचं कॉर्टिसॉल वाढायला लागतं. मासा भुलीच्या पाण्यात टाकायचा, तो आडवा झाला की ओल्या फडक्यावर घ्यायचा. गुदपराच्या मागे, पोटाच्या बाजूने मधोमध सुई घालायची. टोक मणक्याला लागलं की हाताला बारीक टणक ठेच जाणवते; तिथून केसभर मागे घ्यायची आणि दट्ट्या हळूच ओढायचा. घाई केली की शीर दबून बंद होते आणि सिरिंज रिकामीच राहते. जाळीपासून इथपर्यंत तीन मिनिटांच्या आत, आणि रात्री हे सगळं मंद लाल दिव्यात. मेलाटोनिनच्या मोजणीला प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव) जास्त लागतो, म्हणून दोन-दोन माशांचा एकत्र करावा लागला.

एका पहाटे आमच्या कॉलेजचे वॉचमन मामा दार ढकलून आत आले आणि सवयीने ट्यूबलाइट लावली.

"ताई, अंधारात काय करताय?"

"मामा, लाइट बंद करा आधी!"

"मासे झोपलेत होय?" त्यांनी बटण बंद केलं, पण त्या उजेडाने मेलाटोनिन उतरलेलं असणार. तेवढा संच मी बाद केला आणि दाराला भलीमोठी पाटी लावली. पुढच्या रात्री मामा स्वतः बाहेर स्टूल टाकून बसले, कुणाला आत सोडेनात.

निकाल आले. मेलाटोनिन दोन्ही गटांत रात्रीच वर, खाण्याच्या वेळेचं त्याला फारसं सोयरसुतक नव्हतं. घ्रेलिनच्या जनुकाची चढण ठरल्या वेळी खाणाऱ्या गटात जेवणाआधी दिसली. कॉर्टिसॉलने मला सगळ्यात जास्त खूश केलं: अवेळी खाणाऱ्यांचं ते सरासरीने जास्त होतं. स्पेनमध्ये गिल्टहेड सीब्रीमवर 2009 साली असंच आढळलं होतं. खाण्याचं प्रमाण सारखं, फक्त वेळ बेभरवशाची, आणि मासा तेवढ्यानेही ताणाखाली येतो. मत्स्यपालनवाल्यांनी खाद्याच्या ब्रँडवर वाद घालण्याआधी घड्याळाकडे बघावं, असं तेव्हापासून माझं मत झालंय.

व्हायव्हात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी अपेक्षित प्रश्न टाकलाच: "मासे वाटच बघत होते कशावरून? कुणाची तरी चाहूल लागली असेल." मी उपाशी दिवसांचा आलेख काढून पुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला.

"मग हे जेवणाचं घड्याळ आहे कुठे? मेंदूत की यकृतात?"

"सर, दोन्हीकडे जनुकं लयीत चालतात. कोण कुणाला चालवतं ते माझ्या प्रयोगातून ठरत नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढचा प्रश्न प्रबंधाच्या डाव्या मार्जिनबद्दल विचारला.