मे महिन्यात रोपांची ने-आण

कॅनडातल्या कॅलगरीत मे महिन्यात माझा दिवस मिरचीच्या रोपांच्या वेळापत्रकावर चालतो. पहिल्या दिवशी तास-दोन तास बाहेर, तेही सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला. मग रोज थोडा वेळ वाढवायचा, हळूहळू कोवळं ऊन दाखवायचं आणि संध्याकाळी ट्रे पुन्हा घरात. आठवडा-दहा दिवस हाच उद्योग. घरात दिव्याखाली वाढलेल्या रोपांना ना खऱ्या उन्हाची सवय, ना वाऱ्याची. एकदम बाहेर ठेवली तर थंड हवेतसुद्धा पानं पांढरी पडून करपतात. बेताबेताने नेली तर पानांवरचा मेणासारखा थर जाड होतो, खोड बळकट होतं.

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या मावशीला व्हिडिओ कॉलवर ट्रे दाखवले. "अगं, रोपं आहेत की जावई? पावसाळ्यात कुंपणाशी गिलकीचं बी टोचलं की झालं!" मला राग आला, कारण माळव्याच्या काळ्या मातीपुढे बोलायची सोय नाही. इथे व्हिक्टोरिया डे, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार, उलटल्याशिवाय टोमॅटो जमिनीत लावायला लोक धजत नाहीत. तरी मावशीचं म्हणणं अर्धंच खरं. आपले रोपवाटिकावालेही लागवडीच्या चार दिवस आधी पाणी कमी करतात, वरची जाळी काढतात. आपण आयती रोपं आणतो, म्हणून ते दिसत नाही.

पण लिहायला बसले ती शेजारच्या आजींमुळे. परवा दुपारी पारा भराभर उतरला आणि मी ऑफिसात. घरी आले तर ट्रे जागेवर नाहीत! आजींनी ते स्वतःच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवले होते. वर मलाच बजावलं, "१० डिग्रीच्या खाली मिरची बाहेर नको." एरवी आमचं बोलणं 'आज वारा आहे' याच्या पुढे जात नाही. इंदूरला आमच्या गल्लीत रोपं उचलायला चार घरं धावली असती, कबूल. पण त्यातल्या दोघांनी आधी माझा पगार विचारला असता.

"रोपांसाठी सुट्टी काढतेस, दिवाळीला नाही," असं मावशी म्हणाली नाही, तरी मला ऐकू आलं. सुट्टी नव्हती काढली, फक्त दोन दिवस घरून काम केलं. आणि दिवाळीतले तिकिटांचे भाव तिलाही ठाऊक आहेत.

आजी म्हणतात, व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला घाई नको, आणखी आठवडाभर थांब. थांबणार आहे. मिरच्या धरल्या तर पहिल्या त्यांच्याकडे जातील, झेपोत न झेपोत.