काठाच्या कागदावरची अक्षरं

सोमवार, रात्र

सापडलं. भाच्यासाठी हातात धरून खेळायचा सापाचा गेम घरी जोडतोय. दोन रात्री ज्याच्यामागे लागलो होतो तो त्यातला दोष बोर्डावर नव्हताच, तो माझ्या हिशेबात होता.

शनिवारी सोल्डरिंगचे सगळे डाग मारून झाले. झीरो बोर्डाच्या, म्हणजे भोकाभोकांच्या कोऱ्या बोर्डाच्या, मधोमध चिप बसवायचा २८ पायांचा आयसी बेस, त्यात एटीमेगा ३२८ ही गेम चालवणारी चिप. शेजारी चिपला ताल देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याच्या दोन्ही पायांना २२ पिकोफॅरडचे दोन चिमुकले कपॅसिटर. खाली डाव्या अंगठ्यासाठी चार बटणं, उजव्यासाठी एक, पाठीला तीन पेन्सिल सेलचं घर. वर ओएलईडीचा, स्वतः उजळणाऱ्या टिंबांचा पडदा, आडवी १२८ टिंबं, उभी ६४. चिप आर्दुइनोच्या तयार बोर्डात बसवून कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम भरला, मग ती काढून इथे दाबली, सेल घातले. पडदा काळाच.

संशय अर्थातच डागावर गेला. मल्टिमीटर लावून बघितलं, साडेचार व्होल्ट सगळीकडे नीट पोचत होते. तरी ड्राय सोल्डर, म्हणजे वरून नीट दिसणारा पण न धरलेला डाग, असेल म्हणून पडद्याच्या तारा उकलल्या, पुन्हा लावल्या. तिसऱ्यांदा उकलताना बोर्डावरची तांब्याची एक चकती उष्णतेने उचकटून आली, तेव्हा फार वाईट वाटलं. आठ तास लेथवर उभं राहून आल्यावर रात्री जे हाताने जोडायचं, तेच असं हाताने उखडलं.

आज कामावरून येताना बसमध्ये वही काढून मेमरीचा हिशेब मांडला. या चिपकडे चालू कामासाठी जागा आहे २०४८ बाइट. पडद्यावर ८१९२ टिंबं, एका बाइटात आठ, म्हणजे नुसतं चित्र धरून ठेवायला १०२४ लागतात. निम्मी जागा तिथेच गेली. साप २५६ मण्यांपर्यंत वाढू शकतो असं मी धरलं होतं. प्रत्येक मण्याचा आडवा आणि उभा आकडा ठेवायचा, आणि मी दोन्ही 'इंट' म्हणून लिहिले होते, म्हणजे आकड्याला दोन बाइट. २५६ गुणिले चार, पुन्हा १०२४. बाकी कशाला जागाच उरत नाही! पडदा चालवणारा तयार कोड, म्हणजे लायब्ररी, आपली जागा मागते प्रोग्रॅम सुरू झाल्यावर, त्यामुळे कॉम्प्युटरवर सगळं ठीक दिसतं आणि इथे चिप गप्प बसते.

माझे आकडे ३१ च्या वर कधी जातच नाहीत. एका बाइटात आरामात मावतात. 'इंट'च्या जागी 'बाइट' लिहिलं आणि साप चालायला लागला.

बुधवार

हे सगळं का करतोय ते एकदा लिहून ठेवतो.

मी दहा वर्षांचा असताना जत्रेतून पडद्यावर विटा रचायचा तो हातातला गेम आणला होता, राखाडी पडद्याचा. चार महिन्यांत बंद पडला. बाबांनी मागचे स्क्रू काढले. आत हिरवा बोर्ड आणि त्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा. बेळगावच्या आमच्या वडगावात कुणाचा माग अडला तर बाबांना हाक यायची, नुसत्या आवाजावरून ते दोष सांगायचे. त्या दिवशी मात्र तो गोळा बोटाने चाचपून म्हणाले, "ह्यात हात घालायला जागाच ठेवली नाही रे कुणी." आणि स्क्रू परत लावले. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

म्हणून आक्काच्या पोरासाठी जे करायचं ते उघडं करायचं. कुठला तुकडा काय काम करतो ते त्याला बोट ठेवून दाखवता यावं. १९८९ साली आलेल्या गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ टिंबांचा होता आणि त्याला चार सेल लागायचे. आमचा त्याहून लहान आहे, पण आमचा आहे.

बटणाचं एक काम आज उरकलं. एकदा दाबलं की आतली पत्री काही क्षण थरथरते आणि चिपला तीनदा दाबल्यासारखं वाटतं. २० मिलिसेकंद थांबून पुन्हा बघायला सांगितलं, झालं.

शुक्रवार

आज बाबा माझ्या टेबलाशी दोन तास बसले.

साप मेला की पडद्यावर इंग्रजीत 'गेम ओव्हर' येतं. लायब्ररीत अक्षरं तेवढीच आहेत. भाचा इंग्रजी वाचतो, पण मला तिथे 'खेळ संपला' हवं होतं. त्यासाठी अक्षरांचं चित्रच काढावं लागतं, टिंबाटिंबाने. चौकटीच्या वहीत ९६ आडव्या, २४ उभ्या अशी चौकट आखली आणि 'ख' भरायला घेतला. तीनदा खोडला. दर वेळी 'र' आणि 'व' शेजारीशेजारी ठेवल्यासारखं दिसे.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "काय हे, काठ?"

म्हटलं, नाही, अक्षर आहे.

"काठच की हा. भरलेली चौकट म्हणजे धागा वर, रिकामी म्हणजे खाली."

मी बघतच राहिलो. तीस वर्षं बाबा जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, साडीचे काठ विणत होते. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवायची, तिच्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. भोक असलं की मागाचा हुक उभ्या धाग्याला उचलतो, नसलं की धागा खालीच राहतो. फ्रान्समध्ये जॅकार्ड नावाच्या माणसाने ही रीत काढली १८०४ साली. मी चार दिवस एक आणि शून्य म्हणत होतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्यातच गेलं होतं.

पेन्सिल त्यांच्याकडे दिली. त्यांनी आधी शिरोरेषा मारली, दोन चौकटी जाड, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे फक्त दोन शब्दांमधली जागा सोडून. मग एकेक अक्षर तिच्यावरून खाली सोडत गेले. 'ख'चे दोन भाग खाली एका चौकटीने जोडले आणि तो 'ख' झाला. 'ळ'ला सगळ्यात जास्त वेळ दिला. वाटोळं वळण चौकटीत पायऱ्यापायऱ्यांनीच येतं. पायरी कुठे एका चौकटीची ठेवायची आणि कुठे दोनची, हे त्यांचा हात आपोआप करत होता.

मी ओळीओळीने आकडे काढले. २८८ बाइट. हे चालू कामाच्या जागेत ठेवायचे नाहीत, प्रोग्रॅमच्या ३२ किलोबाइटांत ठेवायचे. तिथे हवी तेवढी जागा आहे. पहिल्यांदा अक्षरं फुटून आली, दर आठ टिंबांचा तुकडा आरशात बघावा तसा उलटा. बाबांनी लगेच ओळखलं. "पट्टी उलटी लागली." तसंच झालं होतं, मी बाइटातले बिट, म्हणजे एकेका टिंबाचे एक-शून्य, उजवीकडून मोजले होते. सुलट केले आणि आमच्या स्वयंपाकघरात एवढ्याशा काचेवर 'खेळ संपला' उजळलं. आई हात पुसत बघायला आली.

रविवार

भाच्याबरोबर त्याचा वर्गमित्र आला होता, घरी कन्नड बोलणारा. त्याने चार डाव खेळून विचारलं, "काका, कन्नडात येत नाही काय?" बाबांनी लगेच वही ओढली. बाबांच्या मागमालकाचे हिशेब कन्नडात असायचे, त्यामुळे अक्षर त्यांना येतं. 'आट मुगियितु' लिहायला घेतलं. वर धरायला शिरोरेषा नाही, सगळी गोलाई, २४ ओळींत बसेना. २८ दिल्या. या शहरात पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून मी लहानपणापासून भांडणं बघतोय. म्हणून गेममध्ये दोन्ही पाट्या वेगवेगळ्या ठेवल्या आहेत आणि एकाआड एक येतात. पोरांनी मुद्दाम साप मारून मारून दोन्ही बघितल्या.

संध्याकाळी पाऊस आला आणि वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. दिवसभर ती खटखट कानात असते म्हणून ऐकू येत नाही, ती थांबली की छपरावरचा पाऊस ऐकू येतो. पोरं आपापल्या घरी गेली होती. बाबांनी गेम हातात घेतला आणि अंधारात पहिल्यांदाच स्वतः खेळले. पडद्याचा निळसर उजेड त्यांच्या चष्म्यात दिसत होता. साप भिंतीवर आदळला. मला वाटलं दुसरा डाव सुरू करतील, पण ते पडदा डोळ्यांजवळ नेऊन तसेच बसले.

"ळच्या पोटात एक धागा सुटलाय."

मी बघितलं तर मला काही दिसेना. त्यांनी नखाने जागा दाखवली. मग मेणबत्ती लावून वही काढली. त्यांच्या कागदावर ती चौकट भरलेली होती, आकडा काढताना मीच चुकलो होतो. त्या ओळीत ४४ लिहिलं होतं. ते खोडून ६० केलं.