सरस आणि पट्ट्यांचं बुशिंग: कुठवर आलं काम

पियानोच्या पट्ट्यांना (कीजना) खाली खाचा असतात, त्यांत रेलवरच्या पिना शिरतात. या खाचांचं लोकरी अस्तर म्हणजे बुशिंग, ते सरसाने (प्राणिज गोंदाने) नव्याने लावतोय. बॅलन्स रेलच्या (पट्टीच्या मधल्या आधाराच्या) खाचा भरून झाल्या, फ्रंट रेलच्या (पुढच्या टोकाखालच्या) निम्म्या बाकी आहेत. 88 पट्ट्या, प्रत्येकीला दोन खाचा, प्रत्येक खाचेच्या दोन भिंती. म्हणजे लोकरी कापडाचे 352 तुकडे. हा हिशोब कामाआधी करू नये, हातपाय गळतात.

जुनं कापड काढताना मूळ सरस कुठे आणि मागाहूनची डागडुजी कुठे, हे लगेच कळतं. कापड ओलं करायचं, थोडं मुरू द्यायचं आणि वाफ द्यायची. सरस असेल तर चिमट्यात तुकडा अख्खा येतो. लाकडावर उरलेला बुळबुळीत थर ओल्या फडक्याने पुसला की झालं. काही पट्ट्यांना पूर्वी कुणीतरी पांढरा गोंद चोपडला होता. तिथे नुसते तंतू उपटून आले आणि गोंद रबरासारखा भिंतीला चिकटून राहिला. शिवाय तो कापडात झिरपून वाळला होता, त्यामुळे तिथलं बुशिंग मऊ न राहता खडखडीत झालेलं. खरवडायला घाई केली तर लाकूड सोलवटतं, खाच रुंद होते आणि मग कापडाच्या जाडीचा हिशोबच बिघडतो. सगळ्यात जास्त वेळ या मोजक्या पट्ट्यांनी खाल्ला.

सरस 192 ग्रॅम ताकदीचा (थिजल्यावर किती घट्ट होतो याचं हे माप) दाणेदार घेतलाय. 251 किंवा 315 चा याहून लवकर थिजतो, इतक्या बारीक कामात तो हाती लागत नाही. दाणे गार पाण्यात फुगू दिले, मग बरणी गरम पाण्यात ठेवून 60 अंश सेल्सिअसच्या आसपास राखली. उकळी म्हणजे सरसाचा नाश. ब्रश उचलल्यावर सलग धार पडायला हवी. थेंबाथेंबाने जड पडू लागला की चमचाभर गरम पाणी. पाणी उडून जातं, त्यामुळे हे सारखं करावं लागतं.

भिंतीवर अगदी पातळ बोट, लगेच कापड, लगेच कॉल (कापड भिंतीला दाबून धरणारी पाचर). कॉल पिनेच्या मापाचाच हवा, इथे तडजोड नको. सरस गार होताच थिजतो म्हणून कापडाच्या आरपार शिरत नाही, आणि कॉल लवकर काढून पुढच्या पट्टीत घालता येतो. बाटलीतला द्रवरूप सरस मी यासाठीच टाळतो: तो थिजू नये म्हणून त्यात मुद्दाम काहीतरी घातलेलं असतं, आणि मला तर थिजणंच हवंय.

नवं कापड लावलेल्या पट्ट्या पिनेवर घट्ट वाटतात. लाकूड आणि लोकर दोन्ही पाणी पितात. पूर्ण वाळेपर्यंत ईझिंग प्लायरला (बुशिंग दाबून सैल करणाऱ्या पकडीला) हात लावलेला नाही. वाळल्यावर बहुतेक आपोआप मोकळ्या झाल्या, दोनचार हट्टी निघाल्या त्या हलकेच दाबल्या.

उरलेला सरस फ्रिजमध्ये ठेवतो, पण वारंवार तापवून त्याची ताकद कमी होते. वास फिरला की सरळ फेकायचा.

यानंतर हॅमर (तारांवर आपटणाऱ्या हातोड्या) दांड्यांना चिकटवायचे. तिथे कोन जुळवायला जरा उसंत लागते, म्हणून सरसात चिमूटभर युरिया घालून थिजणं लांबवायचा विचार आहे. आधी टाकाऊ दांड्यांवर बघतो. कुणी केलं असेल तर प्रमाण सांगा.