ढीग कुठे करायचा?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या कार्यालयात अमेरिकेतील बर्फ हटवणाऱ्या कंत्राटदारांसाठी वाहनतळांचे हिवाळी नकाशे, म्हणजे बर्फ कुठून ढकलायचा आणि त्याचा ढीग कुठे करायचा हे दाखवणारे नकाशे, तयार होतात. हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उरकावे लागते, कारण एकदा जमीन गोठली की कडा, चेंबर आणि अग्निशमनाचे नळ दाखवणाऱ्या खुणेच्या काठ्या रोवता येत नाहीत.

अशाच एका हंगामात बफेलोजवळच्या एका वृद्धनिवासाचे काम आले. ईरी सरोवरावरून येणारे थंड वारे बाष्प उचलून किनाऱ्यावर बर्फ ओततात. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या काही उपनगरांत पाच फुटांहून अधिक बर्फ पडला होता. कंत्राटदाराची तक्रार मात्र बर्फाच्या प्रमाणाची नव्हती. वाहनतळ रोज साफ होत असे, मीठही टाकले जात असे, तरीही सकाळी प्रवेशद्वाराशी काचेसारखा बर्फ साचलेला असे आणि त्यावरून एक आजी घसरून पडल्या होत्या.

उपग्रहचित्रात जागा सपाट दिसत होती. आमच्या कार्यालयात सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सहकारी आहेत, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांनी जुना नकाशा पाहून एवढेच विचारले, “अहो, ढीग वितळल्यावर पाणी कुठं जाणार?”

मी मोजणीचा मूळ नकाशा मागवून घेतला. ऐंशी बाय पन्नास मीटरच्या त्या तळाला उत्तरेकडून इमारतीकडे साठ सेंटिमीटरचा उतार होता. चालक दारापासून सरळ उत्तरेकडे बर्फ ढकलत नेत असे. त्याच्या दृष्टीने ते योग्यच होते, कारण यंत्राला तीच वाट सर्वांत सोपी. परंतु उत्तर कडेच्या ढिगावर दुपारी ऊन पडे, वितळलेले पाणी संपूर्ण तळ ओलांडून इमारतीच्या सावलीत येई आणि अंधार पडताच गोठे. वाहते पाणी मीठ धुऊन नेई. शिवाय साधे मीठ उणे नऊ अंशांखाली फारसे काम करत नाही.

मग हिशेब मांडला. तीस सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे बाराशे घनमीटर. घनमीटरला शंभर किलो धरले तरी एकशेवीस टन. ढकलताना तो दबून तिसऱ्या हिश्शावर आला, तरी चारशे घनमीटरची जागा हवीच. ती आम्ही आग्नेय कोपऱ्यातील चेंबरशेजारी काढली, चेंबरचे तोंड मोकळे ठेवून. तिथून पाणी कोणाच्याही पायवाटेवर येत नाही.

व्यवस्थापक मात्र हिवाळाभर आठ गाड्यांची जागा सोडायला तयार नव्हते. कोल्हापुरात साडेसहा आणि तिकडे सकाळचे नऊ वाजले असताना झालेल्या बैठकीत त्यांनी अपंगांच्या राखीव जागांलगतची रेघांची पट्टी ढिगासाठी सुचवली. चाकाची खुर्ची गाडीतून उतरवायला तेवढीच जागा असते आणि अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानुसार ती वाट खुली ठेवावी लागते. त्यामुळे या मुद्द्यावर मी तसूभरही मागे हटलो नाही. अखेर कर्मचाऱ्यांच्या आठ जागा मागच्या आवारात हलवण्याचे ठरले. दारापुढचा बर्फ आधी पाते टेकवून मागे ओढायचा आणि मगच पूर्वेकडे ढकलायचा, हा क्रमही नकाशावर बाणांनी दाखवला.

जानेवारीत कंत्राटदाराने पहाटेची छायाचित्रे पाठवली. दारापुढचे डांबर कोरडे होते. तेव्हापासून ते प्रत्येक कामासोबत उताराची मोजणीही पाठवतात.