आमची वाटचाल: आगळाच्या बाटलीवरची पहिली ओळ

कुडाळजवळ आमचं घर. मागच्या खळ्यात कोकमाचं काम सासूबाईंच्या सासूपासून चालत आलेलं. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकले की घरातल्या सगळ्यांचे हात लाल. रातांबे फोडायचे, साली वेगळ्या करायच्या, गराच्या रसात मीठ घालून त्यात साली बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि परत बुडवायच्या. अशी पाच-सहा पुटं चढली की आमसूल झालं. मिठाचा रस तो आगळ, आणि सालीत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सुटतो तो सरबताचा पाक. पावसाच्या आत सगळं उरकायचं. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणाला समजावून सांगावं लागेल असं कधी वाटलंच नाही.

तोवर माल व्यापाऱ्याकडे सुटा जायचा. 2020 च्या टाळेबंदीत ते थांबलं आणि आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेऊन पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत बाटल्या पाठवू लागलो. लेबलवर वजन, किंमत, 14 आकडी परवाना क्रमांक, सगळं होतं. मजकूर यजमानांनी एका रात्रीत लिहिला: ‘शुद्ध, घरगुती, पित्तावर रामबाण.’

मग पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांनी आगळात पाणी-साखर घालून पाहुण्यांना दिलं होतं. “अहो, एवढं खारट सरबत कोण पितं?” त्यांचं काय चुकलं? बाटलीवर नुसतं ‘कोकम आगळ’ होतं. आणखी एका घरातून बुरशी आली म्हणून आमसुलाचं पाकीट परत आलं. ते वर फुलून आलेलं मीठ होतं. पैसे परत केले, पण ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. माल चोख असून बोल लागला, याचं मला फार वाईट वाटलं.

भाचीच्या ओळखीने एक कंटेंट रायटर मिळाली. छोट्या उद्योगांसाठी मजकूर लिहिणं हाच तिचा व्यवसाय. मानधन ऐकून यजमान म्हणाले, “एवढ्यात पाच पोती साखर येईल.” मलाही ते जड गेलं. पण बाटलीला, झाकणाला, छपाईला आपण पैसे मोजतो. आतल्या मालाबद्दल जे बोलायचं तेवढं मात्र फुकट व्हावं, हे मला पटेना.

ती वही घेऊन आली आणि दोन दिवस खळ्यातच बसली. सासूबाईंना तिने विचारलं, “आजी, आगळात साखर घातली तर?” सासूबाई थांबल्याच. “आगळात साकर कोण घालता?”

तिने ते जसंच्या तसं टिपलं. आज आगळाच्या बाटलीवर पहिली ओळ आहे: ‘हे खारट आहे, साखर घालू नका. सोलकढीसाठी नारळाच्या दुधात घाला.’ आमसुलाच्या पाकिटावर आहे: ‘वरचे पांढरे कण मिठाचे आहेत, पाण्यात विरघळतात.’ बुरशीचा फोन त्यानंतर आलेला नाही.

‘रामबाण’ तिने पहिल्याच दिवशी खोडलं. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी 2018 चे नियम आहेत, आजार बरा होतो असं आपल्याला लिहिता येत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं. गोव्याचं गिऱ्हाईक ‘भिरंड’ शोधतं, पुण्याचं ‘आमसूल’, आमच्याकडचं ‘सोलां’. आमच्या वेबसाइटवर तिने ही सगळी नावं वाक्यांत बसवली. गोव्याच्या ऑर्डरी तेव्हापासून येऊ लागल्या.

बचत गटातल्या मैत्रिणी म्हणतात, पुतण्या लिहून देतो, नाहीतर मोबाइल भाषांतर करतो. मी त्यांना आमची जुनी आणि नवी बाटली शेजारी ठेवून दाखवते.

यंदा कोकमाच्या बियांपासून मुठेल, म्हणजे गोळ्यासारखं घट्ट होणारं तेल, काढलं आहे. सासूबाई ते टाचांच्या भेगांना लावतात, गोव्याकडे त्यालाच भिरंडेल म्हणतात. अजून लेबल नाही. आमची लेखिका ताई पुढच्या आठवड्यात येतेय, आणि सासूबाईंनी तिच्यासाठी एक गोळा बाजूला काढून ठेवलाय.