आधी चालून दाखवा

"फिल्म नंतर बघू. आधी त्या दारापर्यंत चालून दाखवा," डॉक्टर ताईला म्हणाले.

ती चालली, वळली, डोळे मिटून उभी राहिली. एमआरआयचं पाकीट तोवर टेबलावर तसंच.

ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. रिपोर्ट मोबाइलवर शुक्रवारी रात्रीच आला, डॉक्टर भेटले आज. मधले दिवस ती 'नवीन लीजन्स' ही एकच ओळ वाचत होती. जेवणावरची वासनाच उडाली होती तिची.

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. एमआरआयवरचे पांढरे डाग, म्हणजेच लीजन्स, या त्याच्या खुणा. पण डाग किती, याइतकंच ते कुठे आहेत हेही महत्त्वाचं, असं डॉक्टर म्हणाले. मज्जारज्जूतला एखादा छोटा डाग पाय जड करतो. मेंदूतले कित्येक जाणवतही नाहीत. एमआरआयच्या वेळी गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट औषधाचं इंजेक्शन दिल्यावर चमकतो तो डाग ताजा.

तिचा एक चमकत होता. औषध बदलायचं ठरलंय. काळजी आहेच.

पण समजावणारं माणूस समोर नसताना नुसता रिपोर्ट पेशंटच्या हातात का पडावा? तुमच्या घरी अशा मधल्या रात्री कुणी काढल्या असतील, तर कशा काढल्या, सांगाल?