बालगृहात जाणार असाल तर

आज सोलापुरातल्या बालगृहात मुलींच्या उवा काढायचा दिवस होता. हे काम एकाच दिवशी सगळ्यांचं व्हावं लागतं. दोघी जरी राहिल्या तरी पुन्हा सगळ्यांच्या डोक्यात. परमेथ्रिन 1 टक्का लोशन धुऊन टिपलेल्या केसांना लावायचं, 10 मिनिटांनी धुवायचं, मग बारीक दातांच्या फणीने मुळापासून एकेक बट विंचरायची. फणी दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसली की काय निघालं ते दिसतं. लिखा औषधाने मरतातच असं नाही, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा तेच. अभ्रे, चादरी त्याच दिवशी गरम पाण्यात. आपली सोलापुरी चादर जाड असते, उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. केस कापून टाकणं सोपं, पण मुलीला विचारल्याशिवाय कात्री लावू नका. तिचं स्वतःचं म्हणावं असं तिच्याजवळ फार थोडं असतं.

वाढदिवसाला केक नेणाऱ्यांना कळकळीची विनंती: आधी अधीक्षकांना फोन करा. केक ढीगभर येतात आणि निकर, सॅनिटरी पॅड, चपला मापाच्या मिळत नाहीत. खाऊच न्यायचा तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, टिकते. ‘आई कुठंय तुझी?’ असं कुणीही विचारू नये. पुढच्या रविवारी नक्की येणार असाल तरच तसं सांगा, मुलं वाट बघतात. आणि मुलांचे फोटो फेसबुकवर टाकू नका; बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार त्यांची ओळख उघड करायला मनाई आहे, शिक्षाही आहे.